पोखर्णीपाशी उघडं पडलेलं खोटं काम

सोमवारी संध्याकाळी मी आणि बायको सोजर ओट्यावर मिरच्यांची देठं मोडत बसलो होतो. "तुमी देठासंगं अर्धी मिरची टाकायलाव," ती म्हणाली. एवढंच. पहाटे ती उठली नाही.

तिसऱ्या दिवशी राख सावडून मी आणि तिचा भाऊ बापूराव त्याच्या जीपने गंगाखेडला निघालो. गंगेवर (आमच्याकडे गोदावरीला गंगाच म्हणतात) लेक थांबली होती. गुरुजींनी बाराच्या आत या म्हणून बजावलेलं. जीप जुनी. कार्बोरेटरची सुई झिजली की पेट्रोल नको तेवढं वाहतं, काळा धूर निघतो. म्हणून आदल्या दिवशी बापूरावाने परभणीच्या मिस्त्रीकडून नवी सुई टाकून घेतली होती. बहिणीच्या अस्थी न्यायच्यात, हेही त्याला सांगितलं होतं.

तरी पोखर्णीच्या अलीकडे जीप धूर ओकून बंद पडली. दोन्हीकडे ज्वारी, सावली कुठंच नाही. नरसिंहाच्या दर्शनाला चाललेली चार माणसं धक्का द्यायला आली. एक माझ्यावर ओरडला, "बाबा, तुमी काय साहेब हाव का? हात लावा की!"

"हातात बायको हाय माझी."

फडक्यात बांधलेलं गाडगं (लहान मडकं) त्याने पाहिलं. अस्थी जमिनीवर टेकवत नाहीत. तो खाली मान घालून ढकलायला लागला.

फाट्यावर खाजाभाई मिस्त्रीने कार्बोरेटर उघडला, सुई उन्हात धरली.

"मामू, नवी कुठली? जुनीच कानशीनं घासून घातली. मयताच्या कामातबी बेइमानी!"

त्याने मागच्या भंगार जीपमधली बरी सुई शोधायला घेतली. "गाडगं लिंबाला टांगा, चार घास खा," म्हणत भाकरी-ठेचा पुढे केला. मी टांगलं नाही. एका हाताने खाल्लं.

पोचलो तेव्हा एक वाजला होता. गुरुजी निघून गेलेले. लेक पायरीवर रडत बसलेली. ना मंत्र, ना काही. आम्ही तिघांनीच सोजरला पाण्यात सोडलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी एसटी स्टँडकडे निघालो.

"दाजी, सुतकात कुठं चाललाव?" बापूराव ओरडला. मी थांबलो नाही.

घासलेल्या सुईचं सांगितल्यावर परभणीचा मिस्त्री हसून म्हणाला, "पोचलाव ना शेवटी, काका?"

मी बाहेर आलो. त्याच्या दारात उभा राहिलो. गाडी आली की गाडीवाल्याला सांगायचो, "हा जुनाच माल घासून घालतो. माझ्या बायकोच्या अस्थींनाबी सोडलं न्हाई यानं." दोघे माघारी वळले. तो हात जोडायला लागला, "काका, जावा आता घरी."

मी तिथंच उभा राहिलो. घरी जाऊन तरी काय करायचं होतं?