बारीक काडीचा आवाज

हलगी दोन काड्यांनी वाजते. उजव्या हातात जाड टिपरू, डाव्या हाताच्या बोटांत बारीक काडी. टिपरू ठोका देतं, काडी मधल्या जागा भरते. आमच्याकडे येणारा फकीर डफावर नुसती बोटं मारायचा. माझा नवरा ढोलकीला कणीक लावून पंजाने वाजवायचा. त्यांची मला कधी भीती वाटली नाही. हलगीची वाटते, अजून.

माझे सासरे आधी गावाची हलगी वाजवायचे. बौद्ध झाल्यावर त्यांनी ते काम सोडलं. गावाला ते आवडलं नव्हतं.

विद्यापीठाच्या नावावरून पेटलं, त्या पावसाळ्यात नवरा पूर्णेला रेल्वेच्या कामावर होता. शेजारच्या गावात आमच्या लोकांची घरं जाळल्याचं सकाळीच कळलं. वस्ती रिकामी झाली. आम्ही तिघं राहिलो, कारण सासूचे गुडघे धरलेले होते. तिला पाठीवर घेऊन चिखलातून किती चालणार?

दुपार कलली आणि गावातून हलगी ऐकू आली. ठोके सुटे, संथ. मी सासूला उचलायला वाकले.

"थांब," सासरे म्हणाले. "मयताची हाय. नुसतं टिपरू वाजायलंय, मयताला काडी लावत न्हाईत. वरच्या आळीचा म्हातारा गेला आसंल. लय दिस झाले, पडूनच व्हता."

आम्ही थांबलो. मी चूलसुद्धा पेटवली.

तेवढ्यात आवाज चढला. ठोक्यांच्या मधे कडकड भरत चालली. सासऱ्यांचं तोंड उतरलं.

"काडी पयल्यापून वाजायलीच व्हती," ते म्हणाले. "कातडं वल्लं व्हतं, म्हनून ऐकू आली न्हाई. आता हलगी जाळावर शेकली त्यांनी. ही मयताची न्हाई. मानसं गोळा करायलेत."

सासू म्हणाली, "जलमभर बडवली, आन् आज वळखू येईना व्हय?"

"ऊठ आता."

"मला काय म्हनता? मी का चालनार हाय? सुनेला म्हना."

मी तिला पाठीवर घेतलं आणि मागच्या दाराने निघाले. नाल्याला गुडघाभर पाणी होतं. हलगी जवळ येत होती. मधेच सासू म्हणाली, "मला हितंच ठिव."

"गप बसा, आत्याबाई. हात ढिले करू नका."

पलीकडे ज्वारी कमरेइतकी वाढली होती. बसलं की माणूस झाकायचं. आम्ही बसलो. हलगी वस्तीवर आली आणि बंद पडली. वाजत होती तोवर ती माणसं कुठे आहेत ते कळत होतं. आता कळेना. ज्वारी हलली की वाटे, आलेच. सासरे बघायला उठायला लागले, मी त्यांचं धोतर धरून खाली ओढलं. सासऱ्याला हात लावायची ती पहिलीच वेळ.

मग वस्तीवर धूर दिसला. आमचंच छप्पर होतं, पहिल्या ओळीतलं. मला आधी वाटलं ते एवढंच, की सगळे तिकडेच आहेत, इकडे कोणी नाही. मी सासूला पुन्हा पाठीवर घेतलं आणि पूर्णेच्या वाटेला लागले.