निंबाखाली तुम्ही थांबा

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही, पण काल नाशकात मोबाईलवर विजांचा इशारा वाजला आणि राहवलं नाही. काही वर्षांपूर्वी देवळ्याच्या शेतात आमचा कांदा काढून पडला होता, बायका विळ्यानं पात कापत होत्या आणि भरदुपारी आभाळ काळं झालं. पहिल्या गडगडाटालाच टोळीची मुकादमीण उठली. "चला गं, पलीकडं शाळेत." मी आडवा आलो, "आधी कांदा झाका. फारच पाऊस आला तर त्या निंबाखाली थांबा." तिनं विळा खाली ठेवला. "दादा, कांदा तुमचा हाय, जीव आमचा हाय. निंबाखाली तुम्ही थांबा." सगळ्या बायका तिच्यामागे निघाल्या. मी शिव्या घातल्या, तिनं वळूनही पाहिलं नाही. मी एकटाच ताडपत्री ओढत होतो, तेवढ्यात वीज निंबावर पडली. खोड उभं चिरलं, जळक्या सालीचा वास रानभर पसरला. उजाडायच्या आत मी ते झाड तोडलं, वाऱ्यानं पडलं म्हणालो आणि टोळी कामचुकार आहे असं गावभर सांगितलं. त्या हंगामात तिला गावात कुणी बोलावलं नाही, तरी ती माझ्या दारी विनवायला आली नाही. तिचं बरोबर होतं, हे चारचौघांत तिच्यासमोर सांगून माफी मागणं माझ्याकडून अजून राहिलं आहे.