आधी तुम्ही उचला

प्रियदर्शनीच्या दुकानापुढची बायकांची रांग दिसली की हंबीररावांच्या पोटात दुखायचं.

शिवाजी पेठेतल्या आमच्या गल्लीचा कारभार इतकी वर्षं त्यांच्याकडे. कुणाचं रेशनकार्ड, कुणाची पेन्शन. "साहेबांच्या कानावर घालतो" म्हणायचं आणि काम झालं की छाती काढून फिरायचं. निवडणुकीत साहेबांसाठी मटणाच्या जेवणाची टोकनं वाटायची, आणि शेवटी घरोघरी देवाचा भंडारा, ती पिवळी हळद, शपथेवर उचलायला लावायचा. भंडारा हातात घेऊन शब्द दिलेली बाई मग दुसरं बटण दाबत नसे.

आता गल्लीतल्याच भूपालअण्णांची ही पोरगी प्रियदर्शनी दुकानात संगणक मांडून बसली. अर्ज कुठं अडलाय, कधी मंजूर झाला, सगळं ज्याला त्याला मोबाईलवर उघडून दाखवायची. हंबीररावांना कुणी थांबवून विचारेना. जळून कोळसा झाला माणसाचा. "टीचभर पोर! तिला कोण वळखतंय?" ते चहाच्या गाड्यावर विचारायचे. सगळी गल्ली ओळखत होती, हेच तर दुखणं होतं.

प्रचाराच्या शेवटच्या दिवशी ते भंडाऱ्याचं ताट घेऊन पहिल्यांदा चिमणाबाईंकडे गेले. विधवा, वयानं मोठी. तिनं उचलला की बाकीच्या आपोआप उचलतात. शेजारणी दारात जमल्याच.

"मावशी, उचला. तुमची पेन्शन कुणी केली, इसरला न्हाय न्हवं?"

"तुम्ही सायबाला सांगितलं दिवाळीत. मंजूर झालती दसऱ्याआधी. त्या पोरीनं दाखवलं की मला."

"तिचं नावच काढू नका माझ्यापुढं! मी उंबरे झिजवलेत!"

"मग आधी तुम्ही उचला. म्हणा, चिमणीची पेन्शन मी केली. मग मी उचलते."

हंबीरराव एरवी खोटं बोलायला कचरत नसत. पण भंडारा हातात घेऊन? आजवर दुसऱ्यांनाच उचलायला लावलेला. हात ताटापर्यंत गेला आणि तिथंच थांबला.

"ऱ्हाऊ द्या," चिमणाबाई म्हणाली. "च्या घ्या."

ती कप घेऊन आली. त्यांनी हात पुढं केला.

"ह्यो न्हवं पावणं, ह्यो त्या पोरीचा. सकाळधरनं समोर दुकानात बसलीया बिचारी. तुमचा आणते मागनं."

ज्या गल्लीत जन्म काढला, तिथं हंबीरराव पावणं झाले. आणि वाफाळता कप त्यांच्या डोळ्यांदेखत रस्ता ओलांडून गेला.