आठ शेपट्या आणि एक फळी

जिजी गेल्याचा निरोप घेऊन धानोऱ्याचा गडी खांडबाऱ्याला आमच्या दारात आला, तेव्हा मी अंगणात बाजेवर पापड वाळत घालत होते. मी पाणी दिलं, ते त्यानं घेतलं, पण पायरीवर बसेना. मग डोक्याचं फडकं काढून हातात धरलं आणि म्हणाला, "मोठी माय गयी." मी विचारलं, कशानं? तर म्हणे कशानं नाही, सकाळी चहा घेतला, उरलीला, त्यांच्या म्हाताऱ्या कुत्रीला, काला घातला, ओसरीवर जरा टेकते म्हणाल्या आणि उठल्याच नाहीत... पापड तसेच टाकून आम्ही दुपारची गाडी पकडली. धानोऱ्याला पोचलो, माणसांच्या गर्दीतून पुढे जायला मिळेना, म्हणून मी मागच्या दारानं आत शिरले आणि दाराशी आपसूक पाय वर उचलला. त्या दारात आडवी फळी आहे, गुडघ्याएवढी उंच. घरातल्या माणसाला ती बघावी लागत नाही. त्या दिवशी भेटायला आलेल्या दोघी-तिघी मात्र तिला अडखळल्या, आणि इतक्या दुःखातही मला वाटलं, जिजी असत्या तर आतून ओरडल्या असत्या, "पाय उचला माय, पोरं शेत तठे," पोरं आहेत तिथं.

जिजी म्हणजे माझ्या मोठ्या जाऊबाई. त्यांना सगळं घरच जिजी म्हणायचं आणि त्यांच्या नवऱ्याला, माझ्या थोरल्या दिरांना, दादा. मी धुळ्याकडची, चार बुकं शिकलेली, पुस्तकी बोलणारी. लग्न होऊन आले तेव्हा जिजींचं अहिराणी मला अर्धंच कळायचं आणि माझं बोलणं ऐकून त्या पदर तोंडाला लावून हसायच्या. "मास्तरीन उनी आमना घरमा," म्हणायच्या. पण मला कधी टाकून बोलल्या नाहीत. उलट माझ्या हातचं काही बिघडलं तर ते गुपचूप गोठ्यात पोचवून नवीन करून ठेवायच्या. माझा स्वभाव तापट, त्यांचा थंड. भांडायला गेलं तर समोर कुणी भांडायलाच नसायचं, फार राग यायचा मला त्याचा.

ही फळी कशी आली ते सांगते. नवापूरला एक पारशी लाकूड ठेकेदार होते, त्यांना सगळे बावाशेठ म्हणायचे. त्यांची लाकडं जंगलातून टेसनापर्यंत आणायला आमच्या दादांच्या बैलगाड्या लागायच्या, आणि घरातला वरखर्च त्या गाड्यांवरच भागायचा. जर्मनीशी लढाई सुरू झाली होती तेव्हाची गोष्ट. शेठांची बायको मुंबईला आजारी पडली. शेठ निघाले आणि जाताना त्यांची कुत्री आमच्याकडे सोडून गेले. लिली तिचं नाव. डॉबरमन का काय म्हणतात ती जात, त्यापूर्वी आमच्याकडे कुणी पाहिलेली नव्हती. काळीभोर, तुकतुकीत, उंच, कान भाल्यासारखे उभे आणि शेपटीच्या जागी नुसतं बोटभर खुंट. डोळ्यांवर दोन तांबूस ठिपके. ती पोटुशी आहे, सुरतेच्या तसल्याच कुत्र्याचं बीज आहे, नीट जपा, एवढं बजावून शेठ गेले. जिजींनी तिला पहिल्याच दिवशी लीलाबाई करून टाकलं.

मला कुत्री आवडत नाहीत. तेव्हाही नव्हती आवडत, आजही नाही, उगाच खोटं कशाला लिहू. पण लीलाबाई व्यायली आणि जिजींनी घर डोक्यावर घेतलं. मागच्या दाराशी असलेली सरकीची खोली रिकामी केली, माझ्या माहेरची चांगली गोधडी अंथरली, मला न विचारता. बाळंतिणीला करतात तसा बाजरीचा पातळ रांधा केला, त्यात गूळ आणि तूप. पाचव्या दिवशी खोलीत दिवाही लावला. पिलं आठ. दृष्ट लागू नये म्हणून काजळाची तीट लावायला गेल्या तर काळ्या कातडीवर काजळ दिसेना, म्हणून चुलीतल्या राखेची तीट लावली. आठही कपाळांवर पांढरे ठिपके बघून मी हसून हसून दमले. आठवं पिलू मुठीएवढं होतं, आईच्या आचळाला लागायचंच नाही. जिजी कापसाचा बोळा शेळीच्या दुधात भिजवून त्याच्या तोंडात पिळायच्या. जगलं, म्हणून त्याचं नाव उरली. डोळे उघडल्यावर ही सेना खोलीभर सरपटायला लागली, मग घरभर, मग दादांच्या वहाणांवर. तेव्हा जिजींनी सुताराला बोलावून त्या मागच्या दारात फळी ठोकून घेतली. पिलांना बाहेर येता येऊ नये एवढी उंच, आणि जिजींना पाय टाकता यावा एवढी बुटकी. जिजींची चाहूल लागली की सगळी फळीला येऊन चिकटायची आणि शेपट्या फळीवर आपटायची. टपटप टपटप, डाळ पाखडल्यासारखा आवाज.

शेपट्या, तिथंच तर सगळं पाणी मुरत होतं. आईला शेपूट नाही, आणि आठही पिलांना हातभर शेपट्या. आईचे कान उभे, पिलांचे कान पानांसारखे लोंबलेले. दादांनी पिलं पाहिली आणि कपाळाला हात लावला. आमच्या खळ्यावर मोती नावाचा गावठी कुत्रा होता, त्याची शेपटी भलतीच झुपकेदार. दादांनी सगळा मेळ घातला. शेठांची एवढी भारी कुत्री, आपल्या भरवशावर ठेवलेली, आणि आपल्याच घरात बाटली. शेठ आता काय म्हणतील, गाड्या काढून घेतील. "तोंड दखाडाले जागा ऱ्हायनी नही," एवढंच ते म्हणत राहिले. पिलं आधीच पोटात होती हे मी त्यांना सांगून पाहिलं, पण सुरतेचं बीज लागलं असतं तर शेपटी आलीच नसती, यावर ते ठाम. शेजारीपाजारीही डोकावून मान हलवायचे. बिचाऱ्या मोतीला नदीकडच्या मळ्यावर बांधून घातलं. जिजी कुणाशी वाद घालत बसल्या नाहीत. उरलीला मांडीवर घेऊन म्हणाल्या, "कोना बी ऱ्हावोत, आते मन्हा घरमा शेत." पण मला दिसायचं, त्यांनाही ते लागलं होतं. कुणाची ठेव आपल्या हातून खराब झाली ही गोष्ट त्यांच्या आयुष्यात तोवर घडली नव्हती.

माघाच्या शेवटी बावाशेठ परतले आणि तडक धानोऱ्याला आले. दादा चहाचं निमित्त करून आत-बाहेर करत होते, बोलायला धजत नव्हते. परपुरुषासमोर कधी न येणाऱ्या जिजी पदर पुढे ओढून ओसरीवर आल्या, पिलांची टोपली शेठांच्या पायाशी ठेवली आणि म्हणाल्या, "शेठ, तुमनी ठेव मी जपी, पन पोरं आशी उनात. बोलनं व्हई ते मले बोला, घरना मानूसले बोलू नका." मी दाराआड उभी. शेठांनी टोपलीत पाहिलं, जिजींकडे पाहिलं, आणि असे हसायला लागले की डोक्यावरची टोपी पडली. "बाई, आ तो बधां आवां ज जन्मे," म्हणाले. ही जात जन्मते अशीच. लांब शेपटी, लोंबते कान. शेपटी जन्मल्यावर चार-पाच दिवसांत माणूस कापतो, कान नंतर कापून बांधतो, तेव्हा ते उभे राहतात. लिलीचेही असेच कापलेले. शेपट्यांची वेळ आता गेली, पण कानांची आहे. तीन महिन्यांच्या आत कापले पाहिजेत, त्यानंतर उभे राहत नाहीत. पुढच्या आठवड्यात सगळी पिलं सुरतेला नेतो.

दादांच्या जिवात जीव आला. जिजींचा चेहरा मात्र उतरला. दोन महिने ज्या गोष्टीची लाज वाहिली, ती माणसानं कात्रीनं केलेली होती... त्यांनी लीलाबाईच्या खुंटावरून हात फिरवला. मग विचारलं, "कापी? कसाले?" शेठ म्हणाले, रुबाब दिसतो. जिजी शांतपणे म्हणाल्या, की आमच्याकडे जनावर सांभाळायला दिलं तर ते अर्धेलीवर असतं. गाय असो की शेळी, होणारी पिलं निम्मी धन्याची, निम्मी सांभाळणाऱ्याची. "निम्मा मन्हा शेत. वाटनी व्हस नही तवलोंग एक बी पोर फळीबाहेर जावाव नही." कुत्र्याची अर्धेल कुणी ऐकली होती? पण शेठ लाकडाच्या धंद्यातले, रिवाजाला मानणारे. हसून म्हणाले, बरं, मग करा वाटणी.

वाटणी झाली असती त्याच दिवशी, जिजींच्या मनात असतं तर. पण त्या दिवशी मंगळवार निघाला. पुढच्या खेपेला शेठ आले तर अमावास्या. मग होळी, आणि होळीच्या आत जनावर घराबाहेर देत नाहीत असं जिजींनी सांगितलं. हा रिवाज मी त्याआधी किंवा नंतर कुणाच्याही तोंडून ऐकला नाही. होळी झाल्यावर दादा जंगलात होते, आणि घरधन्याशिवाय वाटणी कशी करणार? दादा रात्री चिडून म्हणायचे, तू माझ्या गाड्या घालवशील. जिजी म्हणायच्या, जातील तर जातील, बैल काय उपाशी मरतील, शेत आहे. एवढं मोठं बोलल्या, पण नंतर मला म्हणाल्या, रात्र-रात्र झोप येत नाही गं. घरातल्या पोराबाळांचं खाणंपिणं त्या गाड्यांवर होतं, हे त्यांच्याइतकं कुणाला ठाऊक नव्हतं. तरी मागं हटल्या नाहीत. पिलं दादर ज्वारीची भाकर ताकात कुस्करून खात होती, माझं एक पोलकं आणि दादांचं एक धोतर फाडून झालं होतं, आणि त्यांचे लोंबते कान दिवसेंदिवस मोठे होत होते.

शेवटी पाडव्याला वाटणी ठरली. शेठ खोलीत आले, पिलांचे कान हातात घेऊन बघितले, एकाचे, दुसऱ्याचे. मग कमरेवर हात ठेवून जिजींकडे वळले. "बाई, तमे मने छेतर्यो," म्हणाले. तुम्ही मला फसवलंत, कानांची वेळ टळली. जिजींनी खाली बघत एवढंच म्हटलं, "हा शेठ, फसाडं." ... शेठांनी काय केलं असेल? तिथंच फळीवर बसले आणि म्हणाले, चला, वाटणी करू. मळ्यावर विसरून राहिलेल्या मोतीला मात्र त्याच सकाळी मळ्यावरून सोडवून आणलं होतं आणि जिजींनी त्याला स्वतःच्या हातानं पुरणपोळी घातली होती.

रीत अशी की पहिला मान धन्याचा, मग सांभाळणाऱ्याचा, असं आळीपाळीनं. शेठांनी मोठा नर उचलला, जिजींनी एक मादी. उरलीकडे जिजी बघतसुद्धा नव्हत्या. बाजारात आवडलेल्या लुगड्याकडे पाठ करून उभं राहायची त्यांची सवय मला माहीत होती, म्हणून मला कळलं. शेवटी दोन पिलं राहिली, एक धिप्पाड नर आणि उरली. पाळी शेठांची. उरली तोवर आंग धरून अशी देखणी झाली होती की शेठांचा हात तिच्याकडेच गेला. तेवढ्यात जिजींनी जागा बदलली, आणि त्यांना बघून उरली फळीला चिकटली अन् शेपटी आपटायला लागली. टपटप टपटप. शेठ ऐकत राहिले. मग त्यांनी हात मागं घेतला आणि नर उचलला. "आ तमारी," म्हणाले. निघताना उरलीच्या डोळ्यांवरच्या ठिपक्यांना बोट लावून त्यांनी सांगितलं, की असल्या कुत्र्याला आम्ही चार डोळ्यांचा म्हणतो, आमच्यात माणूस गेला की त्याच्यावर अशा कुत्र्याची नजर पाडतात. दादांच्या गाड्या चालूच राहिल्या. पुढे कितीतरी वर्षं शेठ लोंबत्या कानांच्या कुत्र्याला घेऊन नवापुरात फिरायचे, आणि कुणी विचारलं तर धानोऱ्याच्या एका बाईनं मला लुटलं म्हणून सांगायचे.

जिजींची बाकीची तीन पिलं चांगल्या घरी गेली, एक तर सातपुड्यातल्या एका पावरा आदिवासी कुटुंबाकडे राखणीला. उरली राहिली. फळी काढायची राहून गेली, मग ती घराचीच झाली. नंतर आमच्या यजमानांची बदली खांडबाऱ्याच्या शाळेत झाली आणि मी धानोऱ्याहून निघाले. पण सणावाराला आलं की जिजी मागच्या दारात येण्याआधी फळी वाजायची, त्यावरून कळायचं, आल्या.

त्या दिवशी जिजींना ओसरीवर ठेवलं होतं तेव्हा म्हातारी उरली फळी ओलांडून आली, त्यांच्या उशाशी उभी राहून बराच वेळ बघत राहिली. कुणी तिला हाकललं, तर दादा म्हणाले, "देखू द्या तिले." मला शेठांचे ते शब्द आठवले आणि तोवर आवरलेलं रडू तिथं फुटलं.

दिवसकार्य झालं, पाहुणे पांगले, मी मागं राहिले. उरली खोलीत फळीलगतच्या कोपऱ्यात पडलेली, खायची नाही, कुणी हाक मारली तरी मान उचलायची नाही. तेराव्याला फळीला अडखळलेल्या कुणीतरी सुचवलं म्हणून दादांनी सुताराला फळी काढायला सांगून ठेवलं होतं. त्या सकाळी मी जिजींच्या पोचे आलेल्या पितळीत भाकर ताकात कुस्करली, कुरकुरतच, की हे काम माझ्या वाट्याला का म्हणून. मागच्या दाराशी आले, पाय वर उचलला आणि पितळी खाली ठेवून म्हटलं, "ऊठ माय, खाई ले." माझ्या तोंडून अहिराणी आलं, ते मलाच नवीन होतं. उरलीनं मान उचलली. मग त्या कोपऱ्यातून, हळूहळू, फळीवर आवाज झाला. टप. ... टप.

मी तिथंच फळीवर बसले. सुतार आला तेव्हा त्याला चहा दिला आणि परत पाठवला.