ताटाची डावी बाजू

सासरे हॉस्पिटलमधून घरी आले त्याच्या दुसऱ्या दिवशी जेवताना म्हणाले, "आज चटणी नाही केली?"

चटणी ताटात होती. आमच्याकडे पान रीतसर वाढतात. उजवीकडे भाजी-आमटी, मधोमध भात, डावीकडे लिंबू, चटणी, कोशिंबीर. ओल्या खोबऱ्याच्या चटणीशिवाय सासऱ्यांना जेवल्यासारखं वाटत नाही, म्हणून सासूबाईंनी सकाळी मुद्दाम नारळ फोडला होता.

"अहो, पुढ्यात तर आहे," सासूबाई म्हणाल्या.

"कुठे?" त्यांनी भाजीकडे बघितलं, आमटीकडे बघितलं, आणखी उजवीकडे वळून फ्रीजकडेही बघितलं.

"बाबा, डावीकडे," मी म्हटलं.

"डावीकडे काय आहे?" त्यांनी अगदी सहज विचारलं.

जेवण झालं तेव्हा ताटात अर्धा भात उरला होता. उजवी बाजू स्वच्छ आणि डावी सुरीने कापल्यासारखी उभी. चटणीला बोट लागलेलं नव्हतं. पोट भरलं नाही, अशी तक्रार मात्र होती. डावा हात लुळा पडलेला, म्हणून मी त्यांना उठवायला गेले, तर हळूच म्हणाले, "तुझी सासू आतूनच काय बोलतेय मघापासून? तिला म्हणावं, जेवायला बस."

सासूबाई त्यांच्या डाव्या हाताला, वीतभर अंतरावर बसल्या होत्या. लग्न झाल्यापासून त्या तिथेच बसतात.

त्या ताटं उचलून आत गेल्या आणि नळ सोडून भांडी विसळताना मला म्हणाल्या, "डोळे ठीक आहेत ना गं त्यांचे?"

"आहेत. तपासले हॉस्पिटलमध्ये."

"मग मी का दिसत नाही?"

मी मला जमतं ते केलं. मरोळला एका कारखान्यात मी पॅकिंगचा विभाग सांभाळते. तिथे माल कुठे अडला की कारणांचा काथ्याकूट न करता आम्ही रस्ता बदलतो. संध्याकाळपर्यंत मी घरातला रस्ता बदलून टाकला. पाण्याचा तांब्या, गोळ्या, चष्मा, पेपर, सगळं उजवीकडे. ताटात चटणी उजवीकडे. सासूबाईंची खुर्चीही उचलून उजवीकडे. रात्री जेवायला बसल्यावर सासऱ्यांनी त्यांच्याकडे बघितलं आणि म्हणाले, "आलीस?" चटणी तर दोनदा घेतली. सासूबाईंचा चेहरा उजळला. मी स्वतःवर खूश होते. नवराही म्हणाला, झकास.

दोन-तीन दिवसांनी घाटकोपरहून थेरपिस्ट मुलगी येऊ लागली. तिने आल्या आल्या खोलीभर नजर फिरवली.

"काकू, ही मांडणी कोणी केली?"

"मी."

"सोय छान केलीत. आता सगळं होतं तिथे परत ठेवा."

मग तिने समजावलं. मेंदूच्या उजव्या भागातली रक्तवाहिनी गुठळीने अडली होती. तिथे रक्त पोचलं नाही, तेवढ्यात तो भाग दुखावला. डावा हात लुळा पडला तो त्यामुळेच. पण डावीकडे काय चाललंय याची दखलही तोच भाग घेतो. डोळ्यांना डावी बाजू दिसते, मेंदूच्या हिशेबी ती जागाच नाही. आसपासचा शाबूत मेंदू हे काम हळूहळू शिकू शकतो, पण त्याला गरज तर भासली पाहिजे. सगळं उजवीकडे मिळालं तर तो कशाला कष्ट घेईल?

"चटणी डावीकडे," ती म्हणाली. "आजी, तुम्हीसुद्धा."

"म्हणजे त्यांना दिसणार नाही तिथे बसू मी?"

"त्यांना सापडाल तिथे बसा. त्यांचा डावा हात हातात धरा, बोला आणि थांबा. त्यांनी वळायचं, तुम्ही उठून जायचं नाही."

"आणि नाहीच वळले तर?"

मुलगी खोटं बोलली नाही. "बऱ्याच जणांचं सुधारतं, आजी. काहींचं थोडं राहतं. आत्ताच नाही सांगता येणार."

सासूबाईंनी स्वतःच खुर्ची उचलली आणि डावीकडे नेऊन ठेवली.

थेरपिस्टने सांगितलं म्हणून मी कारखान्यातून लाल टेप आणला आणि टेबलाच्या डाव्या कडेला उभा चिकटवला. टेप दिसेपर्यंत मान वळवायची, असा नियम.

"मी काय पार्सल आहे?" सासरे म्हणाले.

"असतात तर पत्ता लिहून पाठवलं असतं कुठेतरी," सासूबाई म्हणाल्या. "बघा डावीकडे."

"बघितलं."

"अजून."

"अजून काय, आता भिंत लागेल."

"टेप दिसला?"

"कसला टेप?"

हे रोज दोन्ही वेळेला. डॉक्टरांनी मीठ कमी करायला सांगितलंच होतं. सासूबाईंनी त्याचा फायदा घेऊन उजवीकडची भाजी-आमटी इतकी मिळमिळीत करायला सुरुवात केली, की मीही वैतागले. सगळी चव चटणीत आणि लिंबात, म्हणजे डावीकडे. आधी कोशिंबिरीचा काठ सापडायला लागला. एकदा लिंबाची फोड. मग सलग चार दिवस काहीच नाही. दाढीही अर्धीच व्हायची, डावा गाल पांढऱ्या खुंटांचा. दमले असले की सुधारलेलंही पुन्हा पुसून जायचं. तसं होतंच, असं थेरपिस्ट सांगायची. सासूबाई ऐकून घ्यायच्या, पण तिने दाराबाहेर पाऊल टाकलं की मला विचारायच्या, "ही सगळ्यांनाच असं सांगत असेल ना गं?"

त्यांची एक अडचण माझ्या उशिरा लक्षात आली. उजव्या हातात सासऱ्यांचा हात धरून त्या बसायच्या, तर स्वतः जेवणार कशाने? पान वाढून घ्यायच्या आणि तसंच ठेवायच्या. सासऱ्यांचं झालं की गार झालेलं खायच्या. मी हात धरते म्हटलं, तर म्हणाल्या, "तुला शोधायचं नाहीये त्यांना."

एका रविवारी आम्ही असेच जेवत होतो. सासूबाई शेजारच्या फ्लॅटमधल्या बाईंच्या नव्या मिक्सरबद्दल काहीतरी सांगत होत्या. सासऱ्यांनी भात उकरला, चटणीला बोट लावलं, चाटलं. इथवर आता बरेचदा यायचे. पण मान थांबली नाही. लाल टेपवरून पुढे गेली आणि त्यांना टेबलावर आपला हात दिसला. त्यावर दुसरा एक हात होता. त्या हाताकडे ते बराच वेळ बघत राहिले. मग बांगड्या, मग पदर, मग सासूबाई.

सासूबाईंचं बोलणं अर्ध्यावर थांबलं.

सासऱ्यांनी त्यांच्या ताटाकडे बघितलं. "तुझा भात गार झालाय," ते म्हणाले. "जेवत का नाहीस?"

"हात सोडला तर तुम्ही परत तिकडे जाल."

"कुठे जातोय? जेव."

सासूबाईंनी हात सोडला. भात कालवायला घेतला. सासऱ्यांची मान हळूहळू आपल्या सवयीच्या बाजूला, आमटीकडे वळली. मी पोळी मोडली आणि खाली बघत राहिले. दोन घास झाले असतील. मग कोणी हात धरलेला नसताना, कोणी बघा म्हटलेलं नसताना ते पुन्हा डावीकडे वळले आणि ती जेवतेय ना, ते बघून घेतलं.

मी म्हटलं, "आई, भात गरम करून देऊ?"

"राहू दे," सासूबाई म्हणाल्या. "असाच बरा आहे."