साऱ्या पाड्याची सुकट, साऱ्या संगणकांचं अपडेट

साऱ्या पाड्याची सुकट आणायला बाजारात एकच जण जातो, मग एकच अपडेट प्रत्येक संगणकाने इंटरनेटवरून वेगळं का आणावं? सुकटीचा वास आला की मला डोळखांबचं वाचनालय आठवतं. तिथले सगळे संगणक एकदम अपडेट ओढू लागले आणि ऑनलाइन मुलाखत देणाऱ्या माझ्या मैत्रिणीचं चित्र पडद्यावर गोठलं. "गेली गो माझी नोकरी!" ती रडकुंडीला आली. शेजाऱ्यांसाठीही बाजारातून आणलेल्या सुकटीची पिशवी टेबलावर टाकत ग्रंथपाल ताई ओरडल्या, "बंद करा रे बाकीचे! हिचं होऊ दे. मग एकाच संगणकाला अपडेट आणू दे, बाकीचे त्याच्याकडून घेतील." मैत्रीण पुन्हा बोलू लागली, नोकरीही लागली. आमच्याच वाट्याला अपुरं नेट का, हे मी भांडून विचारणारच; तोवर तुमच्या गावच्या शाळेत एका संगणकावर अपडेट साठवून बाकीच्यांना तिथूनच देण्याची सोय उद्याच लावून द्या.