बदकाखालचं पाणी

“याच्यात तं रंगच नाही. एवढ्या कोऱ्या पानावर एकच होडी. कायले घेतं वं?” साकोलीच्या पुस्तकांच्या दुकानात एक बाई चित्रांचं पुस्तक धरलेल्या आपल्या मुलीला म्हणाली. ऑफिसातून थकून आलेली मी शेजारीच उभी होते. नव्या कागदाच्या वासाने माझं पहिलीतलं इंग्रजी पुस्तक आठवलं. आईला इंग्रजी येत नसे. ती चित्रं वाचायची. एकदा काळ्या रेघेच्या बदकाखालच्या कोऱ्या जागेवर बोट ठेवून ती म्हणाली, “हे पानी होय.”

“तिथे काहीच नाही. तुला वाचता येत नाही,” मी म्हणाले.

तिने बोट काढलं. पुन्हा कधी माझ्या पुस्तकावर ठेवलं नाही.

बदकाचे पाय चित्रकाराने काढलेच नव्हते, ते पाण्याखाली होते, हे मला इतक्या वर्षांनी, ती होडी पाहून कळलं.

“ताई, ते कोरं नाही,” मी शेवटी म्हणाले. “ते पानी होय.”